तळ्यावरचा डबा आणि तुमचं 'राहू दे'

सर,

तुमच्या जलदानविधीत आमचे तात्या बोलले. हे आधी सांगते, कारण तुम्हाला जाऊन इतके दिवस झाले तरी तुझ्या डोळ्याला पाणी कसं नाही, असं माईनं मला विचारलं, आणि त्याचं उत्तर हेच आहे. रडावं म्हणून बसते, तेवढ्यात तात्यांचा आवाज कानात घुमतो आणि रडू जागच्या जागी थांबतं.

तुमच्या अंगणात मांडव टाकला होता. गाथा म्हणून झाल्या, माईनं वाटीत पाण्याची धार सोडली, आणि कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला म्हटल्यावर सगळ्यात आधी उठलं कोण, तर माझे सख्खे चुलते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. मांडवाच्या बांबूला हात टेकवून घसा खाकरला आणि सुरू झाले. "मास्तर म्हंजे माझ्या पाठचा भाऊच. गावच्या पोरास्नी लई शिकवलं त्यांनी. आता त्या डब्यापायी डीपी जळाली, व्हय, जळाली. पर माणूस हाय, चुकतंय. नियत साफ होती मास्तरची."

ऐकताय ना? तुमच्याच दारात, तुमच्या फोटोपुढं, तळ्यावरची ती जळालेली डीपी, मोटारींचा ट्रान्सफॉर्मर, पुन्हा एकदा तुमच्याच माथी मारली. आणि वर माफही करून टाकलं! ज्यानं जाळली त्यानं, ज्यानं नाही जाळली त्याला माफ केलं, आणि मांडवातली माणसं माना डोलावत बसली. मी उठलेच होते. माईनं माझं मनगट धरलं. तुमची बायको शोभते हो अगदी. तिनंही तोंडातल्या तोंडात तेच म्हटलं, "राहू दे."

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, हे लिहिणारे लिहितील. माझ्याकडं तुमच्याशी भांडणं शिल्लक आहेत, तेवढी लिहिते.

नळदुर्गच्या स्टँडमागं टायरच्या दुकानाच्या माडीवर तुमचा क्लास होता. खाली ट्रकच्या चाकांवर घण पडायचे, वर तुम्ही आम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवायचात, आणि घण पडला की वाक्य मध्येच तोडून तो आवाज जाऊ द्यायचात. थ्रेड शिकवलात तो दिवस माझ्या डोळ्यापुढं आहे. पुस्तकात लिहिलं होतं, थ्रेड म्हणजे धागा. तुम्ही पुस्तक मिटलंत. "धागाबिगा सोडा. थ्रेड म्हंजे कामाला लावलेला माणूस. प्रोग्रॅम म्हंजे वावर. एकटा राबवला तर काम होतंय, पर सावकाश. चार लावले तर बिगीनं होतंय. पर चारजण एकाच वावरात उतरले म्हटल्यावर काय होतंय?"

"भांडणं," मी मागच्या बाकावरून म्हणाले.

"बराबर. ती मिटवायला शिकलं की मल्टिथ्रेडिंग आलं."

मग फळ्यावर पाचाचा आकडा लिहिलात आणि दोन पोरांना उभं केलंत. आकडा वाचायचा, आपल्या बाकाला हात लावून यायचं, वाचलेल्यात एक मिळवायचा आणि जुना पुसून नवा लिहायचा. दोघं एकदमच निघाले. दोघांनी पाच वाचला, दोघांनी सहा लिहिला. "दोघंबी राबले," तुम्ही म्हणालात, "तर सात व्हायला पायजे होते. मग एकाचा घाम कुठं गेला?" एकाचा घाम कुठं गेला, हे आज मी उमरग्याच्या कॉलेजात माझ्या पोरांना तुमच्याच शब्दांत विचारते.

मग तुम्ही सगळे खडू उचलून खिडकीत ठेवलेत, हातात एकच उरला. हा खडू ज्याच्याकडं, त्यानंच फळ्यावरचा आकडा वाचायचा, त्यानंच बदलायचा, आणि काम झालं की खडू पुढच्याला द्यायचा. "हेच लॉक. कुलूप म्हणा." आकडा बरोबर वाढायला लागला. मग एक पठ्ठ्या खडू खिशात घालून खाली चहा प्यायला गेला आणि आम्ही सगळे फळ्यापुढं ताटकळत उभे. तुम्ही तर हसून हसून खुर्चीत बसलात. कुलूप लावून माणूस गावाला गेला की असंच होतं म्हणालात.

त्याच तासाला आणखी एकानं चलाखी केली. खडू हाती लागेना म्हणून खालून विटेचा तुकडा आणला आणि फळ्यावर सरळ आपला आकडा ओढला. सगळी बेरीज बिघडली. आम्ही ओरडलो, "सर, ह्यानं खडू न घेताच लिहिलं!" तेव्हा तुमचं हसू गेलं. "फळ्याला काय, कुणीबी ओढलं तरी उमटतंय. सगळ्यांनी खडूचा मान ठिवला तरच खडूला अर्थ हाय. एकानं न्हाई ठिवला की बाकीच्यांचं पाळणंबी वाया." केवढं साधं आहे हे, असं मला वाटलं होतं. साधं नव्हतं, सर. तुम्हालाच ते पुरतं उमगलं नव्हतं, नाहीतर तळ्यावर झालं ते झालं नसतं.

आणि मला खडू मिळालाच नाही. पुढची पोरं आपापसांत फिरवत राहिली. तास संपत आला तेव्हा मी चिडून बाक वाजवला. तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत, 'उपाशी थ्रेड', आणि माझ्याकडं बोट केलंत. "बघा, कुठंच चूक न्हाई, बेरीज बराबर हाय, आणि तरी हिच्या वाट्याला काय आलं न्हाई. कुलपानं गोंधळ थांबतो, अश्विनीबाई. न्यायाला रांग लागती." शाळकरी पोरीला बाई म्हणणारे अख्ख्या नळदुर्गात तुम्ही एकटेच. त्या एका शब्दावर मी कॉम्प्युटरची लाइन धरली, हे तुम्हाला कधी सांगायचं झालं नाही.

पुढं मी शिकून आले, नोकरीला लागले, आणि एक दिवस तुम्ही मला आपल्या गावच्या तळ्यावर नेलंत. तळ्याच्या काठाला नऊ घरांच्या नऊ मोटारी, त्यांत एक तात्यांची, एक तुमची, आणि त्या सगळ्यांना मिळून डीपी एक. त्या ट्रान्सफॉर्मरला एका वेळी चार मोटारी झेपायच्या. थ्री फेज लाइट आली की नऊच्या नऊ ऑटोस्विच एकदम पडायचे, मोटारी एकदम उचलायच्या आणि डीपी घुमायला लागायची. दर हंगामात जळायची. मग नवी येईपर्यंत पिकं माना टाकायची आणि माणसं एकमेकांच्या आयाबहिणी काढायची. तुम्ही बांधावर उभं राहून मला विचारलंत, "काय दिसतंय?"

"नऊ थ्रेड एकदम जागे होतात," मी म्हणाले.

"शाबास. आता ह्यांना झोपवायचं, आणि एकेकाला उठवायचं."

तुमचा डबा म्हणजे खरोखरच डबा होता, गोडेतेलाचा, पत्र्याचा. आत छोटासा बोर्ड, वर तुमचा प्रोग्रॅम. प्रत्येक मोटारीमागं एक थ्रेड. लाइट आली की तो रांगेत उभा राहणार. चार जागांपैकी एक मोकळी झाली की रांगेतल्या पहिल्याची मोटर सुरू, वेळ भरली की बंद, आणि जागा पुढच्याला. नऊ स्टार्टरच्या वायरी त्या डब्यातून फिरवल्यात. दोन हंगाम डीपीला चटकासुद्धा बसला नाही.

डबा करताना आपण किती भांडलो! मी म्हणत होते, कांदा वाळायला लागला असेल तर त्याला आधी पाणी द्यावं, ज्याची गरज जास्त त्याचा नंबर वर. तुम्ही ऐकेनात. "गरज कोण मोजणार? तुमचे तात्याच मोजणार. आन् मग सगळ्यात जास्त गरज त्यांच्याच द्राक्षाला निघणार." मग तुम्ही ते सांगितलंत, आयुष्यात एकदाच. हे तळं ज्या ओढ्यावर बांधलंय, त्या ओढ्यावर तुमच्या आजोबांना ओंजळ धरून बसावं लागायचं, कुणी वरून ओतलं तर प्यायचं. "म्हणून रांग," तुम्ही म्हणालात. "रांगेत नंबर इचारतात, बाकी काय इचारत न्हाईत." तात्यांचं घर म्हणजे माझंच घर. मी गुमान बोर्डाला वायर जोडत बसले.

दुसरं भांडण मात्र मी सोडलं नव्हतं. डब्यातून किती मोटारी सुरू आहेत हे डब्याला माहीत, पण डीपीतून एकूण किती करंट जातोय ते कुठं माहीत? कुणी डब्याबाहेरून मोटर लावली तर? विटेचा तुकडा आठवतोय का, म्हटलं. डीपीवर करंट मोजणारा सेन्सर लावू, हिशेब जुळला नाही की सगळंच बंद. तुम्हाला रागच आला. "लोकांवर पहारा ठिवायला मी डबा करत न्हाई. इस्वास ठिवला तर माणूस तसा वागतो." तुमचा हा विश्वास, सर! तुमच्या मोठेपणाचं सगळ्यांना कौतुक, पण त्यापायी तुमचं नाव गेलं आणि मला बघत बसावं लागलं.

हरभरा घाट्यावर आला होता तेव्हा डीपी जळाली. सकाळी धूर दिसला म्हणून मी धावत गेले तर तेल ओघळून खालचं गवत काळं झालं होतं. सगळे जमलेले. तात्या पुढं. "म्या म्हनतच हुतो, यंत्राच्या नादी लागू नगा. मास्तरनं डीपी जाळली." कुणीतरी डबा उपटून बांधावर भिरकावला, दुसऱ्यानं त्याला लाथ घातली. तुम्ही उन्हात उभे, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

मी काठाकाठानं शोधत गेले. बेशरमाच्या झुडपांमागं एक मोटर सापडली, दहावी, नवीकोरी, मोठी, हात लावला तर अजून गरम. तिची निळी चपटी केबल झुडपातून, गवताखालून थेट डीपीच्या खांबाला. डायरेक्ट! आणि केबलवर हिरव्या ऑइलपेंटचे दोन पट्टे. आमच्या घरात पाइप म्हणू नका, कुदळ म्हणू नका, चोरी होऊ नये म्हणून तात्या प्रत्येक वस्तूवर ते दोन पट्टे मारतात. माझ्या लहानपणीच्या सायकललाही होते. डबा इमानदारीनं चार मोटारी मोजत होता आणि पाचवी चोरून पाणी ओढत होती. आठजण रांगेत उभे होते, आणि नववा रांगेतही होता आणि रांगेबाहेरही.

मी ओरडत निघाले. तुम्ही मला बांधावरच गाठलंत. सगळे डब्याभोवती गुंतले होते तोवर केबल सोडवून हातावर गुंडाळलीत आणि मग म्हणालात, "राहू दे."

"काय राहू दे? सर, नाव तुमचं जातंय!"

"नाव माझं हाय. त्याचं काय करायचं ते मी बघतो."

"अहो, मी सांगते ना सगळ्यांना. माझेच चुलते आहेत."

"म्हणूनच. आज तुम्ही भांडचाल, उद्या चुलता-पुतणी एका ताटात जेवचाल. पाळी तुटंल ती आमच्या वस्तीची. राहू दे, बाई."

नाही जेवले, सर. त्या दिवसापासून मी तात्यांच्या पंगतीला बसलेली नाही. घरी बोलले तोवर झुडपामागची मोटर उचलली गेली होती, आणि तात्या सरळ म्हणाले, "कसली केबल? दाव की." मी तुमच्याकडं केबल मागायला आले तर तुम्ही हसलात. "हाय. सगळ्यांना दिसंल अशा जागी ठिवलीय." मला वाटलं, टाळताय. तोवर गावात पक्कं झालं होतं, मास्तरच्या हाताला गुण नाही. नळदुर्गच्या क्लासला पोरं येईनात. ज्यांना तुम्ही फुकट शिकवलंत त्यांचे बाप स्टँडवर तुम्हाला बघून तोंड फिरवायचे. शेवटी माडी सोडलीत. तुमचं मन मोडलं होतं आणि तुम्ही ते कुणाला दाखवलं नाहीत. तुमच्या त्या 'राहू दे'चा मला इतका राग आहे, की तुम्ही समोर असतात तर आज मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते.

आता पुढचं ऐका. जलदानविधी झाला, माणसं पांगायला लागली, तसे तात्या माझ्याजवळ आले. भाषण ठोकून जेमतेम पाणी प्यायले असतील. "अश्विने, तेवढा मास्तरचा डबा पुन्ना बसव बाई. डब्याबिगर दर साली डीपी जळायलीय. आता नवी आलीय, ही गेली तर माझी बाग गेली." निलाजरेपणा म्हणजे किती! मी म्हटलं, "बसवते की, तात्या."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये बसले, तुमचा प्रोग्रॅम उघडला आणि त्यात एक ओळ घातली. रांगेत दुसरं कुणीही उभं असेल तोवर तात्यांच्या मोटारीनं थांबायचं. बस्स. चालवून बघितलं. आठ थ्रेड पाळीपाळीनं जागे होतात, काम करतात, जागा सोडतात, पुन्हा रांगेत येतात. नववा नुसता वाट बघतोय. प्रोग्रॅम बिनचूक, डीपी थंड, कुणाच्या बापाला कळणार नाही. उपाशी थ्रेड! काय सांगू सर, लई बरं वाटलं. तात्यांच्या बागेतला एकेक घड सुकताना मला दिसला आणि मी मोठ्यानं हसले. लॅबमधली पोरं वळून बघायला लागली.

डबा न्यायला तुमच्या घरी आले. माईनं तो पलंगाखालून काढून दिला, पुसून, तुमच्या जुन्या लुंगीत बांधून. अंगणात तिचं धुणं वाळत होतं. मला जायला वाट व्हावी म्हणून तिनं दोरीवरची ओली साडी बाजूला सारली, आणि सर, ती दोरी नव्हतीच. निळी, चपटी. ह्या भिंतीपासून त्या लिंबापर्यंत ताणलेली, आणि मधोमध हिरवे दोन पट्टे.

कितीदा त्या धुण्याखालून वाकून गेले असेन मी! वर बघायचं कधी सुचलं नाही.

"माई, ही कुणी बांधली?"

"तुझ्या सरांनीच. डीपी जळाली त्याच्या दुसऱ्या दिशी." माई साडी झटकत सांगत होती. "तात्या मतं मागायला यायचे, कदी वर्गणीला यायचे. हे मुद्दाम हिच्याखाली खुर्ची टाकायचे. 'बसा तात्या, हितं सावली हाय.' सावली कसली बाई, माझ्या धुण्याचं पाणी टपकायचं त्यांच्या टोपीवर. तात्या वर बघायचे, मग खाली बघायचे, निम्मा च्या ठिवून उठायचे. म्या म्हणायची, अवो, सांगा की गावाला. तर म्हणायचे, 'ज्याला ठावं हाय त्याला दिसतीया. तेवढं बास.' परवा मांडवाचे बांबूबी म्या हिनंच आवळले हुते. तुझे तात्या हिलाच धरून भाषाण करीत हुते."

मी आधी हसले. पोट दुखेस्तोवर हसले. आणि मग तिथंच, लिंबाखाली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले. माईनं माझ्या डोक्यावर ओलाच हात ठेवला.

म्हणजे तुम्ही राहू दिलं नव्हतंत! मला 'राहू दे' म्हणालात आणि स्वतः मात्र त्यांचं पाप दारात टांगलंत, त्याच्यावर धुणं वाळत घातलंत आणि त्यांना खाली बसवून चहा पाजलात. वा सर, वा! मला का नाही हो सांगितलं? मीही येऊन तुमच्या शेजारी खुर्ची टाकली असती. पण एक सांगू? तुमचा सूड अर्धाच राहिला. तात्यांना दिसत होतं, खरंय. गावाला कुठं दिसलं? गाव तुम्हाला डीपी जाळणारा मास्तर म्हणतच राहिलं, आणि तसंच म्हणत तुम्हाला पोचवून आलं.

घरी जाऊन मी ती ओळ पुसली. दयेपोटी नाही, गैरसमज नको. ती ओळ म्हणजे झुडपामागून टाकलेली केबलच होती. ज्याला उपाशी ठेवलं त्याला का ठेवलं ते कळणार नाही, बघणाऱ्याला काहीच दिसणार नाही. मला ते दिवसाउजेडी पाहिजे होतं. रांग तुमची होती तशी ठेवली. फक्त करंट मोजणारा सेन्सर घातला. कुणीही डायरेक्ट केली की नऊच्या नऊ बंद, मग शोधू दे गावाला. त्या भांडणात मी जिंकले, तुम्हाला आता उत्तर देता येत नाही म्हणून नव्हे, माझंच बरोबर होतं म्हणून.

ठरल्या दिवशी तळ्यावर सगळे आले. तुमच्या मोटारीच्या नावानं माई आली, दंडावर निळ्या केबलचं भेंडोळं घालून. मी डबा बसवला, वायरी जोडल्या. थ्री फेज आली. नवी डीपी हलकेच घुमली. सगळे माझ्या हाताकडं बघत होते आणि माझा हात डब्याच्या बटणावर होता.

"कर की सुरू," तात्या म्हणाले.

"करते. पण ही केबल ज्याची आहे त्यानं आधी घेऊन जावी." मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. "मागं सरांच्या वेळची डीपी जळाली त्या दिवशी ही डीपीवरून डायरेक्ट होती. त्या झुडपामागं दहावी मोटर होती. डब्यानं चारच चालवल्या होत्या. पाचवी हिच्यावर होती."

माईनं भेंडोळं जमिनीवर ठेवलं. बाजूलाच तात्यांचे पाइप पडले होते, त्यांच्यावर तेच दोन हिरवे पट्टे. सगळ्यांनी एकदा पाइपाकडं बघितलं, एकदा केबलकडं.

"तात्या, पट्टे तर तुमचेच हाईत की," मागून कुणीतरी म्हणालं.

"पट्टे कुनीबी मारंल!"

"बरं," मी म्हटलं, "कुणाचीच नसली तर थांबू." आणि बटणावरचा हात तसाच ठेवून मी उभी राहिले. खडू माझ्या हातात होता, सर. तुम्ही म्हणायचात काम झालं की सोडायचा. काम झालं नव्हतं.

लाइट चालली होती आणि कुणाचीच मोटर सुरू नव्हती. शेतकऱ्याला ह्याच्यापेक्षा जास्त काही जाळत नसेल. आधी कुजबुज झाली, मग बोलणी. "तात्या, बोला काय ते, लाइट जाईल." "तात्या, माझा कांदा मरायलाय." माझे वडील, जे तात्यांपुढं जन्मात बोलले नाहीत, तेही म्हणाले, "दादा, सांगून टाका." तात्यांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. मी त्यांच्याकडं डोळे रोखून बघत होते आणि मला त्यांची अजिबात कीव येत नव्हती.

"माझी हाय," ते म्हणाले.

"मोठ्यानं, तात्या."

"माझी हाय म्हनलं की! माझ्यानंच जळाली ती डीपी. डब्याचा दोष न्हवता."

"आणि मास्तरांचा?"

तात्यांनी एकदा माईकडं बघितलं. "न्हवता," तात्या म्हणाले.

मी बटण दाबलं. रांगेत पहिला नंबर तुमचा होता. तुमची मोटर उचलली, पाइप थरथरला आणि वस्तीच्या कांद्याकडं पाणी धावलं. मांडवात माना डोलावणारी तीच माणसं आता माईकडं बघायचं टाळत होती. तात्या केबल उचलून निघाले, तशी माई म्हणाली, "न्या तुमची वस्तू. पर माझं धुणं कशावर वाळू घालू?"

मला सुचलं नसतं, सर, इतकं झकास. तुमच्याच बायकोला सुचायचं.

तात्या नायलॉनची नवी दोरी घेऊन तुमच्या अंगणात आले. मागं बाकीचे सातही जण आले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. तात्यांनी टाचा उंचावून लिंबाच्या फांदीला दोरी बांधली, दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला. तुमच्या दारात तात्यांना आजवर खुर्ची मिळायची, त्या दिवशी कुणी टाकली नाही. माईनं बादलीतून तुमचा धुतलेला सदरा काढला, पिळला आणि त्या दोरीवर पहिला तोच वाळत घातला. गाठ जरा सरकली.

"नीट बांधा, तात्या," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा बांधली.

तुम्ही असतात तर माझं मनगट धरलं असतंत आणि म्हणाला असतात, राहू दे, अश्विनीबाई.

नाही राहू दिलं, सर.